गळती परत परत का येते: ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमधल्या छिद्रांचा माग

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या छोट्या शेडमध्ये २५० टनी कोल्ड चेंबर मशीनवर एक पंप बॉडी निघते. वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, ढकलायचं, हे आमचं डाय कास्टिंग; एका ढकलण्याला शॉट म्हणतात. मिश्रधातू एडीसी१२, म्हणजे सिलिकॉन आणि तांबं असलेलं ॲल्युमिनियम. भाग साधारण ७०० ग्रॅमचा, भिंत साडेतीन मिलिमीटरची, आणि एका बाजूला बेअरिंग बसतं ती बॉस चांगली जाडजूड. मशीनिंग झालं की प्रत्येक बॉडीची तोंडं बंद करून आत हवेचा दाब देतात आणि ती पाण्यात बुडवतात. बुडबुडा दिसला की बॉडी लाल क्रेटमध्ये जाते.

एरवी ते क्रेट आठवडाभरात निम्मंही भरत नाही. पण वर्षातून तीन वेळा ते दुपारच्या चहाआधीच काठोकाठ व्हायचं. पहिल्यांदा भरलं ते जुलैमध्ये. पाऊस लागलेला, हवेत दमटपणा, इंगटच्या (धातूच्या विटांच्या) थप्प्या ओलसर. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: हायड्रोजन. डिगॅसिंग, म्हणजे वितळलेल्या धातूतला वायू काढणं, दुप्पट केलं, आठ दिवसांत क्रेट रिकामं झालं, निदान बरोबर ठरलं असं सगळ्यांना वाटलं. मग दिवाळीनंतर, हवा कोरडी ठणठणीत असताना, तीच गळती परत आली. पुन्हा डिगॅसिंग, पुन्हा आराम. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा.

तिन्ही वेळा डिगॅसिंगने गुण आला असं आमच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. गुण आला होता हे खरं, पण डिगॅसिंगमुळे नव्हे. तिन्ही वेळा रिजेक्शन वाढलं म्हणून डाय खाली उतरवली होती, पॉलिश केली होती, आणि टूलरूमच्या पोरांनी चढवण्याआधी तिच्यातली पाण्याची भोकं तार घालून साफ केली होती. ही सफाई कुठेच नोंदवलेली नव्हती, कारण ते काही ‘उपाय’ नाही, नेहमीचं काम. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण म्हैस बरी होत होती, म्हणून इंजेक्शनवरचा विश्वास वाढत गेला. समस्या परत परत येते तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं: ज्याने खरा फरक पडला ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

आधी बॉडी कापा

मशीनच्या पॅनेलला हात लावण्याआधी गळकी बॉडी कापायची, हा नियम मी आता कुणालाही मोडू देत नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात, म्हणजे आताच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, शिकत असताना आमच्या सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला तुटलेला बोल्ट हातात दिला होता आणि पाऊण तास फक्त तुटलेल्या जागेचा पृष्ठभाग बघायला लावला होता. ते शिकलेलं इतकी वर्षं वापरलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बुडबुडा जिथून येतो तिथे मार्करने खूण करा. तिथून हॅकसॉने कापा, घासायला १२०चा, मग ४००चा, मग ८००चा पॉलिश पेपर पाणी घालून वापरा, आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. भिंग फार महाग नसतं. घासताना मऊ धातू छिद्रावर पसरतो आणि छिद्र लहान दिसतं, म्हणून शेवटी हलक्या हाताने, दिशा बदलून घासा.

आता बघा छिद्राचा आकार. गोल, कडा गुळगुळीत, आतून चकचकीत असेल तर तिथे वायू अडकला होता. हवा स्लीव्हमधून (धातू आधी ओततात ती नळी) किंवा डायच्या पोकळीतून आलेली असू शकते. आतली भिंत काळपट किंवा तेलकट पिवळी दिसली तर वायू डायवर मारलेल्या स्प्रेतून किंवा प्लंजरच्या (स्लीव्हमधून धातू पुढे ढकलणारा दट्ट्या) ग्रीसमधून आला असण्याची शक्यता जास्त. वायूची छिद्रं धातू सगळ्यात शेवटी पोचतो तिथे, किंवा दोन प्रवाह समोरासमोर येऊन भेटतात तिथे जमतात, आणि शॉटगणिक त्यांची जागा व संख्या थोडी बदलते. शंका असेल तर एक बॉडी ओव्हनमध्ये साधारण ४८० अंशाला अर्धा तास ठेवा. वायू दाबून बसलेला असेल तर मऊ झालेली कातडी फुगून वर फोड येतात. साध्या प्रेशर डाय कास्टिंगला टी६, म्हणजे तापवून, विझवून धातू कडक करण्याची, उष्णता प्रक्रिया देता येत नाही ती याच फोडांमुळे.

छिद्र खडबडीत, फाटल्यासारखं, आत बारीक फांद्या दिसणारं असेल तर ते आकसण्याचं. शुद्ध ॲल्युमिनियम गोठताना सुमारे साडेसहा टक्के आकसतं. सिलिकॉनमुळे एडीसी१२चं आकसणं कमी होतं, पण संपत नाही. सगळ्यात शेवटी गोठतो तो जाड भाग आजूबाजूचा धातू ओढायला बघतो, वाट बंद झालेली असते, आणि मधोमध पोकळी उरते. हे छिद्र जवळजवळ प्रत्येक शॉटला त्याच जागी सापडतं.

गळतीच्या दृष्टीने या दोघांत मोठा फरक आहे. वायूचं गोल छिद्र बहुधा एकटं असतं, चारी बाजूंनी धातूने वेढलेलं. त्यातून हवा आरपार जायला दोन्ही बाजूंनी नशीब फुटावं लागतं. आकसण्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, धाग्यासारखी. मशीनिंगने वरची कातडी निघाली की त्या धाग्याचं टोक उघडं पडतं आणि हवा बरोबर वाट काढते. लीक टेस्टला पडलेली बॉडी हातात आली की मी आधी आकसण्याचं छिद्र शोधतो ते यासाठी.

तिसरा प्रकार म्हणजे छिद्र नाहीच, केसासारखी एक रेघ. थंड पडलेले दोन प्रवाह नीट सांधले गेले नाहीत, किंवा ऑक्साइडची पातळ साल मध्ये अडकली. सकाळच्या पहिल्या पंधरा-वीस शॉटमध्ये, डाय गरम होण्याआधी, ही रेघ सर्रास मिळते. ते शॉट सरळ भट्टीत परत टाकायचे, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका.

हायड्रोजनबद्दलही इथेच सांगतो. ६६० अंशाच्या आसपास १०० ग्रॅम द्रव ॲल्युमिनियममध्ये सुमारे ०.७ मिलिलिटर हायड्रोजन मावतो, घन झाल्यावर जेमतेम ०.०४. म्हणजे गोठताना तो बाहेर पडायला बघणारच. पण प्रेशर डाय कास्टिंगमध्ये धातू फार पटकन आणि प्रचंड दाबाखाली गोठतो, त्यामुळे हायड्रोजनला मोठं छिद्र करायला सवड कमी मिळते. त्याची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं, सगळीकडे सारखी विखुरलेली. आमच्या कापलेल्या बारा बॉडींपैकी एकीतही तसं दिसलं नाही. ग्रॅव्हिटी कास्टिंगवाल्यांचा पहिला शत्रू हायड्रोजन असतो. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा पहिला शत्रू हवा.

आम्हाला काय दिसलं? दोन्ही प्रकार. बॉसच्या मधोमध खडबडीत जाळी, आणि बॉसच्याच कातडीजवळ काळपट गोल छिद्रं. याशिवाय गेटपासून, म्हणजे धातू पोकळीत शिरतो त्या तोंडापासून, लांबच्या भिंतीत चकचकीत गोल छिद्रं, काही बॉडींमध्ये भरपूर आणि काहींमध्ये एकही नाही. रजिस्टरमध्ये या तिघांनाही आम्ही ‘पोरोसिटी’ एवढंच लिहीत आलो होतो.

स्लीव्हमधली हवा आणि बिस्किटाची पट्टी

लांबच्या भिंतीतली चकचकीत छिद्रं कधी असतात, कधी नसतात, याचा अर्थ काहीतरी शॉटगणिक बदलतंय. मी स्टीलची पट्टी घेतली आणि लागोपाठ पन्नास शॉटच्या बिस्किटांची जाडी मोजली. बिस्किट म्हणजे शॉट संपल्यावर प्लंजरच्या तोंडाशी उरते ती चकती. आमच्याकडे ती २५ मिलिमीटर असायला हवी. सगळ्यात पातळ १४ निघाली, सगळ्यात जाड ३१.

हिशेब करून बघा. प्लंजर ७० मिलिमीटरचा, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर. घन धातूची घनता २.७ धरली तर लॅडलमध्ये (धातू ओतायच्या पळीत) १०० ग्रॅम धातू कमी आला की बिस्किट जवळजवळ १० मिलिमीटरने पातळ होतं. आमचं ओतणं हाताने चालतं. भट्टीवरचे काका अनुभवी, त्यांचा हात बसलेला, पण लॅडलच्या आतून गोठलेल्या धातूचा थर चढत जातो आणि माप आपोआप लहान होत जातं. दुपारच्या शिफ्टचा मुलगा लॅडल जरा जास्तच भरून घेतो. दोघांचीही चूक नाही, मापच सरकतं आहे.

यात नुसतं बिस्किट पातळ होत नाही. प्लंजर आधी हळू सरकतो, धातू गेटच्या तोंडापर्यंत आणून ठेवतो, आणि मग एकदम वेग घेतो. हा बदलाचा बिंदू मशीनवर मिलिमीटरमध्ये ठरलेला असतो. आमच्या भागात गेटच्या पुढे, ओव्हरफ्लो (भागाबाहेर जादा धातू जातो ते खळगे) धरून, ८५० ग्रॅम धातू जातो. द्रव घनता २.४५ धरली तर ते ३४७ घन सेंटिमीटर, भागिले ३८.५, म्हणजे ९० मिलिमीटर. बिस्किटाच्या जागेपासून ९० मिलिमीटर आधी वेग वाढला पाहिजे. धातू १०० ग्रॅम कमी असेल तर त्या ठरलेल्या जागी प्लंजर पोचतो तेव्हा धातूचं तोंड अजून रनरमध्येच, म्हणजे गेटकडे नेणाऱ्या पाटातच, असतं. वेग वाढला की रनरमधल्या हवेसकट त्याचा फवारा होऊन पोकळीत शिरतो. उलट धातू जास्त असेल तर तो हळू वेगानेच गेटमधून आत शिरायला लागतो, आणि पातळ भिंतीत थंड पडतो. एकाच सेटिंगवर एक शॉट फेसाळ आणि दुसऱ्यावर रेघा.

पातळ बिस्किटाचा आणखी एक तोटा. पोकळी भरल्यावर मशीन तिसऱ्या टप्प्यात दाब वाढवतं, आणि तो दाब बिस्किटातल्या मऊ धातूतून पुढे जातो. बिस्किट पातळ असेल तर तेच आधी गोठतं आणि दाब तिथेच अडतो. म्हणून जाड बिस्किट चांगलं, असंही नाही: फार जाड बिस्किट डाय उघडेपर्यंत आतून द्रवच राहिलं तर फुटतं आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर धातू उडतो. प्लंजरच्या व्यासाच्या साधारण तिसरा हिस्सा ही जाडी आम्हाला मानवते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. लॅडल दर तासाला खरवडून त्यावर लेप लावायचा, आणि दर तासाला पाच बिस्किटं पट्टीने मोजून खडूने फळ्यावर लिहायची. २२च्या खाली किंवा २८च्या वर गेलं की आधी लॅडल बघायचा, सेटिंगला हात नाही. पहिल्याच आठवड्यात चकचकीत छिद्रं निम्म्याहून कमी झाली. ऑटो लॅडल असेल तर हा त्रास कमी, पण त्याचाही कप चिकटतो, म्हणून पट्टी सोडू नका.

राहिला प्रश्न स्लीव्ह किती भरते याचा. आमचा पूर्ण शॉट दीड किलोचा, म्हणजे ६१२ घन सेंटिमीटर द्रव. स्लीव्हची लांबी ४०० मिलिमीटर, आतलं घनफळ १५४०. भराव जेमतेम ४० टक्के. उरलेली ६० टक्के जागा हवेची, आणि ती सगळी बाहेर ढकलायची आहे. प्लंजर फार हळू चालवला तर धातूची लाट पुढे जाऊन, आदळून परत येते आणि हवा कोंडते. फार जोरात चालवला तर लाट स्वतःवरच उलटते. दोन्हीच्या मध्ये एक वेग असतो जिथे धातू स्लीव्हच्या छतापर्यंत चढून भिंतीसारखा पुढे सरकतो. ओतायचं भोक झाकेपर्यंत अगदी हळू, नाहीतर धातू बाहेर उडतो, आणि तिथून पुढे वेग सलग वाढवत न्यायचा. ०.२ ते ०.७ मीटर प्रति सेकंद या पट्ट्यात ०.०५च्या पायऱ्यांनी शोधा. ‘हळू म्हणजे चांगलं’ हा समज आमच्याकडे घट्ट होता, आणि तो खोटा आहे. फार हळू शॉटमध्ये धातू स्लीव्हच्या भिंतीवर गोठून पापुद्रे होतात आणि तेही पुढे भागात जातात.

प्रत्येक पायरीवर फरक पडला का, हे मोजायला साधा तराजू पुरतो, फक्त ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. बॉडी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोला. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे अंगाला बुडबुडे चिकटत नाहीत. समजा हवेत ७०० ग्रॅम आणि पाण्यात ४३९ भरलं, तर फरक २६१, घनता ७०० भागिले २६१ म्हणजे २.६८२. घट्ट धातू २.७०चा असेल तर सुमारे ०.७ टक्के पोकळी. घट्ट धातूची घनता पुस्तकातून घेऊ नका, स्वतःच्याच भट्टीच्या धातूचा सगळ्यात निर्दोष तुकडा कापून त्यावर काढा, कारण तांबं आणि जस्त थोडं कमीजास्त झालं तरी आकडा हलतो. प्रत्येक सेटिंगवर दहा बॉडी तरी तोलाव्यात. एका बॉडीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

स्लीव्ह कमी भरते म्हणून ६०चा प्लंजर लावावा का, हा विचार आमच्याही मनात आला. भराव ५४ टक्क्यांवर जातो, ते चांगलं. पण तेवढ्याच हायड्रॉलिक जोराने धातूवरचा दाब १.३६ पट होतो. आमच्या भागाचं रनरसकट समोरून दिसणारं क्षेत्रफळ ३५० चौरस सेंटिमीटर धरा. ६०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला २१० टन उघडायचा जोर लागतो, २५० टनी मशीन तो धरून ठेवतं. ८१६ झाला की २८५ टन, आणि डाय उघडून फ्लॅश मारते, म्हणजे फटीतून धातू बाहेर येतो. म्हणजे प्लंजर बदलला तर दाब खाली आणावा लागतो, आणि फास्ट शॉटचा वेगही त्याच पटीत वाढवावा लागतो, नाहीतर भरायला वेळ जास्त लागतो. आम्ही अजून ७०वरच आहोत.

बादली आणि घड्याळ

आता बॉस. खडबडीत जाळीवर आमचा पहिला उपाय होता तिसऱ्या टप्प्याचा दाब वाढवणं. काहीच फरक पडला नाही, फक्त फ्लॅश वाढला. कारण सरळ आहे. आमची बॉस गेटपासून लांब, आणि मधली भिंत साडेतीन मिलिमीटरची. ती भिंत आधी गोठते. तिच्या पलीकडे बॉस अजून द्रव असली तरी दाबाची वाट बंद झालेली असते. दाब साठवणारी नायट्रोजनची बाटली भरलेली आहे का आणि दाब चढायला वेळ किती लागतो, हे जरूर तपासा, कारण प्रिचार्ज, म्हणजे त्या बाटलीत भरलेल्या वायूचा दाब, हळूहळू उतरतो आणि फास्ट शॉट व दाब दोन्ही ढिले पडतात. आमचा प्रिचार्ज ठीक होता.

मग बॉस इतकी गरम का राहते? डायवरचा ऑपरेटर गुजराती मुलगा, तो काकांना महिनोन्‌महिने सांगत होता, “काका, पाणी ओछुं आवे छे.” पाणी कमी येतंय. काका म्हणायचे, “अरे बाळा, पंप चालू आहे ना, मग झालं.” पंप चालूच होता. मी बॉसच्या कोअर पिनची (बॉसचं भोक घडवणारी, आतून पाणी फिरणारी डायमधली पिन) परतीची नळी काढून पाच लिटरच्या बादलीत धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला दोन मिनिटं लागली. टूलरूममधून नुकत्याच साफ होऊन आलेल्या जुळ्या डायवर तीच बादली चाळीस सेकंदांत भरली.

आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षारांनी भरलेलं. बारीक वाहिनीत क्षाराचा थर चढतो तो डोळ्यांना दिसत नाही. क्षार उष्णता फार वाईट वाहून नेतो: एक मिलिमीटर थर म्हणजे मध्ये दहा मिलिमीटरहून जास्त डाय स्टील आल्यासारखं. त्यात वाहिनी अरुंद होऊन पाणीही कमी. तीन-चार महिन्यांत हा थर इतका जमायचा की बॉस शेवटपर्यंत द्रव राहायची. डाय उतरली, तार फिरली, पुन्हा तीन-चार महिने. जुलै, नोव्हेंबर, फेब्रुवारी. पावसाचा आणि थंडीचा काही संबंध नव्हता, हे क्षाराचं पंचांग होतं.

आणि बॉसच्या कातडीजवळची काळपट गोल छिद्रं? तीही इथूनच आली. पिन गरम झाली की धातू तिला चिकटायला लागतो. चिकटला की बॉडी ओढताना ओरखडे येतात. ऑपरेटर काय करणार? पिनवर स्प्रे जास्त वेळ धरणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण खोल कोपऱ्यात स्प्रेचं पाणी साचतं, एअर ब्लो तिथवर पोचत नाही, आणि पुढचा शॉट त्या पाण्यावर येतो. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर, त्याची वाफ ८० मिलिलिटरहून जास्त. तीच छिद्रं, तोच काळेपणा. आम्ही ज्याला वायूची तक्रार समजून भट्टीकडे धावत होतो, ती मुळात थंडाव्याची तक्रार होती.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. आधी वाहिन्या साफ केल्या, तारेने नव्हे, बाजारात मिळणारं इनहिबिटर असलेलं डिस्केलर फिरवून आणि नंतर भरपूर पाणी सोडून. कच्चं ॲसिड ओतू नका, ते क्षारासोबत स्टीलही खातं आणि वाहिनीतून पोकळीपर्यंत तडा गेला की पाणी थेट धातूत येतं. मग पिनचं तापमान काँटॅक्ट थर्मोकपलने मोजलं. इन्फ्रारेड गन चकचकीत स्टीलवर खोटं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवते. ॲल्युमिनियमसाठी डायचा पृष्ठभाग साधारण १८० ते २५० अंश असावा. आमची पिन त्याच्या बरीच वर होती, साफसफाईनंतर २४०वर आली. तेव्हाच स्प्रेचा वेळ कमी केला आणि ब्लो एक सेकंदाने वाढवला. स्प्रे आधी कमी केला असता तर बॉडी चिकटून पिनच मोडली असती.

धातूच्या तापमानाशी या सगळ्यात आम्ही छेडछाड केली नाही, ६६०च्या आसपास ठेवलं. रेघा दिसल्या की तापमान वाढवायचा मोह होतो, पण त्याने आकसणं, चिकटणं आणि हायड्रोजन तिन्ही वाढतात. फार खाली नेलं तर भट्टीच्या तळाशी लोखंड, मँगनीज आणि क्रोमियमचे कडक खडे बसतात, आणि पुढे मशीनिंगच्या व्हीएमसीवरची ड्रिल तुटली की कारण कुणाला समजत नाही. इंगटच्या सर्टिफिकेटवर लोखंडाची टक्केवारी, अधिक मँगनीजची दुप्पट, अधिक क्रोमियमची तिप्पट अशी बेरीज करून बघत जा. ती १.८च्या पुढे जायला लागली की धातू थंड ठेवू नका.

पावसाळ्याबद्दल मात्र एक गोष्ट सोडून चालणार नाही, गळतीपेक्षा मोठी. ओला इंगट, ओला रनर किंवा ओली पळी वितळलेल्या धातूत गेली तर स्फोट होतो. आमच्याकडे आता इंगट लाकडी पट्ट्यांवर, पत्र्याच्या आत, आणि भट्टीत टाकण्याआधी काठावर गरम करून. डिगॅसिंगही बंद केलेलं नाही, फक्त दुप्पट करायचं थांबवलं. धूर सोडणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या काकांच्या छातीसाठी वाईट, म्हणून नायट्रोजनच्या फिरत्या रोटरवर गेलो.

मॅग्नेशियम ओतणारेही विचारतात. कापून बघण्याची पद्धत तीच. मॅग्नेशियम लोखंडाला फारसं चिकटत नाही, पण दर घन सेंटिमीटरला त्यात उष्णता कमी असते, म्हणून ते आणखी पटकन गोठतं. भरायचा वेळ आणखी कमी लागतो, डाय जास्त गरम ठेवावी लागते. त्याच्या भट्टीजवळ पाणी अजिबात नको.

सध्या आमच्या फळ्यावर दोनच आकडे असतात. दर तासाला बिस्किटाची जाडी, आणि दर सोमवारी सकाळी बॉसच्या नळीची बादली भरायला लागणारे सेकंद. साठ सेकंद ओलांडले की त्या आठवड्यात डिस्केलिंग, रिजेक्शन शून्य असलं तरी. जुलै आला, गेला, गणपतीही झाले. क्रेटमध्ये अजून जे काही पडतं ते जवळजवळ सगळं एकाच बोल्टच्या भोकापाशी गळतं. तिथे भोक पूर्ण भरीव ओतून नंतर ड्रिल करतो आम्ही, म्हणजे घट्ट कातडी, जी साधारण अर्धा मिलिमीटरचीच असते, सगळी कापून मधला पोकळ धातू उघडा पाडतो. टूलरूमला सांगून त्या जागी बारीक उताराची कोअर पिन बसवली आहे. भोक ओतूनच निघेल आणि टॅपपुरता ०.४ मिलिमीटर धातू काढावा लागेल. पहिली ट्रायल या शनिवारी आहे.